रायफलच्या पोटातला काळा थर: कार्बन येतो कुठून, काढायचा कसा आणि थांबायचं कुठे?

माझा मावसभाऊ खोपोलीला राहतो. कॉलेजात एनसीसीला आहे. फायरिंगचा कॅम्प संपवून घरी आला आणि रात्री अकराला त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. तळहातावर कापडाची एक चिंदी, एक कोपरा पांढरा आणि बाकी काळीकुट्ट. खाली मेसेज: "दादा, ही सातवी चिंदी. तरी काळीच येतेय. रायफल खराब आहे का?"

पठ्ठ्याने ती चिंदी खिशात घालून घरी आणली होती. पाठोपाठ एक व्हिडिओची लिंक आली. त्यात कोणीतरी ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावून रायफलचा आतला भाग दोन मिनिटांत आरशासारखा करून दाखवत होता. भाऊ विचारतो, "असं केलं तर? उद्या परत सफाई आहे."

मी एवढंच लिहिलं, "ड्रिलला हात लावू नकोस. सकाळी फोन करतो."

सकाळी फोनवर जे बोललो, तेच आज नीट मांडतोय. एनसीसीत असाल, पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करत असाल, शूटिंग रेंजवर जात असाल तर हे कामाचं आहे. आणि रायफल कधी हातात येणार नसेल, तरी कार्बन नावाची ही भानगड समजून घेण्यासारखी आहे. तुमच्या बाइकच्या सायलेन्सरमध्ये आणि आईच्या तव्यावरही तीच आहे.

आधी रिसिव्हर म्हणजे काय ते बघू

रायफलचे ढोबळ तीन भाग धरा. पुढे नळी, म्हणजे बॅरल. मागे खांद्याला टेकतो तो लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दस्ता. आणि मधे, जिथे सगळी यंत्रणा बसते, तो धातूचा डबा म्हणजे रिसिव्हर. एनसीसीत याला बऱ्याचदा नुसतं 'बॉडी' म्हणतात.

मोबाइलच्या भाषेत बोलायचं तर रिसिव्हर म्हणजे मदरबोर्ड बसवलेली फ्रेम. बोल्ट याच्या आत पुढे-मागे सरकतो. मॅगझिन यालाच खालून लागतं. ट्रिगरची यंत्रणा याच्याच पोटात असते. नळीचं मागचं टोक, म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर, यालाच जोडलेलं असतं.

बोल्टची कामं तीन. काडतूस चेंबरमध्ये ढकलायचं, गोळी सुटताना मागचं दार घट्ट बंद ठेवायचं आणि नंतर रिकामी पुंगळी बाहेर ओढायची. पुंगळी ओढणाऱ्या छोट्या आकड्याला एक्सट्रॅक्टर म्हणतात. हा आकडा लक्षात ठेवा. कार्बनचा सगळ्यात जास्त त्रास यालाच होतो.

कार्बन येतो कुठून?

काडतुसात जी दारू असते ती आज दिवाळीच्या फटाक्यातल्यासारखी काळी नसते. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूर कमी करणारी दारू बनवली आणि तिथून सगळं बदललं. त्याआधीची काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहायचा. आपल्या कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याने ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका असतात, त्यात अजून हीच काळी दारू वापरतात. म्हणूनच ती बंदूक चार बार काढले की आतून चुलीसारखी होते.

नवी दारू जळली की बहुतेक वायूच होतात. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, पाण्याची वाफ. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळं' नव्हे. सगळा खेळ काही हजारांश सेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात प्रत्येक दाणा पूर्ण जळतोच असं नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब एकदम उतरतो, आग विझते आणि अर्धवट जळलेलं तसंच राहतं. त्यात दारूच्या दाण्यांवर मुळातच ग्रॅफाइटचा पातळ लेप असतो. काडतूस पेटवणाऱ्या प्राइमरची राख येते ती वेगळीच.

भाऊ वापरतो त्या पॉइंट टू-टू रायफलमध्ये अजून एक भर. हिची गोळी साधारणपणे शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात मारलेला असतो. म्हणजे काजळी, मेण, शिशाचा भुगा आणि न जळलेली दारू, असा चार जिनसांचा काला तयार होतो. चिंदीवर आला तो हाच.

पण गोळी तर पुढे जाते, मग घाण मागे रिसिव्हरमध्ये कशी येते?

गोळी सुटते तेव्हा पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे यायला वाट ठेवत नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात दाब जास्तीत जास्त २४ हजार पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ पीएसआय हवा भरतो, त्याच्या ७५० पट. पण हा दाब वर चढताना आणि खाली उतरताना एक क्षण असा येतो की पुंगळी पुरेशी फुगलेली नसते. तेवढ्यात थोडा वायू कडेने मागे निसटतो. शिवाय तुम्ही बोल्ट उघडता तेव्हा नळीत उरलेला धूर आणि पुंगळीतली राख रिसिव्हरमध्येच येते. एका गोळीची राख चिमूटभरही नसते. पण कॅम्पमध्ये एकच रायफल दिवसभर कॅडेटमागून कॅडेट वापरतात.

ऑटोमॅटिक आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये हे आणखी वाढतं. आपल्या सैन्याची इन्सास घ्या किंवा जुनी एसएलआर. यात नळीला एक बारीक भोक असतं. गोळी पुढे जाताना थोडा गरम वायू त्या भोकातून वर येतो, पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. गोळीच्याच धुरावर पुढची गोळी भरली जाते. हुशार रचना आहे, पण धूर मुद्दाम आत घेतल्यावर काजळी येणारच.

हा थर इतका चिवट का?

नुसती काजळी असती तर फुंकरीने उडाली असती. पण ती तेलात मिसळते, पुन्हा तापते, पुन्हा तेल, पुन्हा ताप. तव्यावर जुनं तेल जळून जो कडक काळा थर बसतो, तसंच हे. भाकरीचा तवा नुसत्या फडक्याने कधी निघतो का? आधी भिजवावा लागतो. रायफलचंही गणित हेच आहे. ताकदीपेक्षा वेळ जास्त कामाला येतो.

साठू दिला तर काय होतं?

भावाने फोनवर एक गोष्ट सहज सांगितली आणि मी सावध झालो. फायरिंगच्या वेळी त्याचा बोल्ट शेवटच्या थोड्या अंतरात अडकत होता. त्याने तळहाताने ठोकून बसवायचा प्रयत्न केला. उस्तादांनी मागून येऊन हात धरला, रायफल समोरच्या दिशेलाच ठेवून खाली करून घेतली आणि मग बरंच सुनावलं.

त्याला वाटलं, उगाच ओरडले. तसं नव्हतं. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारी रसायनं मधोमध नसतात, ती बुडाच्या कडेत भरलेली असतात. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. चेंबरमध्ये मेण आणि कार्बनची कड बसली की काडतूस पूर्ण आत जात नाही, त्याचं बूड थोडं बाहेर राहतं. अशा वेळी बोल्ट ठोकला तर त्याच कडेवर मार बसतो. बोल्ट नीट बंद नसताना काडतूस पेटलं तर पितळ फाटून वायू आणि तुकडे मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतात.

दुसरी अडचण एक्सट्रॅक्टरची. त्या आकड्याखाली कार्बन भरला की आकडा पुंगळीवर नीट बसत नाही, पुंगळी आतच राहते. तिसरी, फायरिंग पिनच्या वाटेत चिखल झाला की पिनचा मार हलका पडतो आणि काडतूस पेटत नाही. मग घाबरलेला नवखा मुलगा 'काय झालं?' म्हणत रायफल घेऊन मागे वळतो. रेंजवर सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. थर असतो कागदाएवढा, पण त्याने केलेली अडचण माणसाला चूक करायला लावते.

युद्धात याची किंमत किती मोठी असते ते अमेरिकेला व्हिएतनाममध्ये कळलं. १९६० च्या दशकात एम-१६ ही नवी रायफल सैनिकांच्या हातात आली. हिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि अनेक तुकड्यांना सफाईचं सामानही मिळालं नव्हतं. या रायफलमध्ये वायू थेट रिसिव्हरच्या आत, बोल्टच्या भागात येतो. त्यात काडतुसातली दारू बदलली गेली आणि नव्या दारूने जास्त घाण होऊ लागली. चेंबरला क्रोमचा मुलामाही नव्हता, दमट हवेत तिथे गंज धरायचा. पुंगळ्या आत अडकू लागल्या. साफ करायला उघडलेल्या रायफलीशेजारी सैनिक मरून पडलेले सापडले, अशी पत्रं घरी गेली आणि तिथून १९६७ मध्ये अमेरिकन संसदेपर्यंत पोहोचली. चौकशी झाली. मग चेंबरला क्रोम आलं, सफाईचं सामान वाटलं गेलं आणि १९६८ मध्ये सैनिकांसाठी चक्क कॉमिकच्या रूपात देखभालीचं पुस्तक निघालं. चित्रं काढली होती विल आइस्नर या नामवंत चित्रकाराने.

जुन्या एसएलआरमध्ये तर कार्बन होणार हे गृहीतच धरलं होतं. तिच्या नळीवर गॅस रेग्युलेटर असतो. काजळीने यंत्रणा जड चालायला लागली की तो फिरवून पिस्टनला जास्त वायू देता येतो. म्हणजे घाण होणं हा दोष नव्हेच. तिच्याकडे दुर्लक्ष करणं हा दोष.

आणि वर खोपोलीचा पाऊस

घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्याला दमटपणा वेगळा समजवायला नको. खालापूर-कर्जतकडे जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, भिंती घामाघूम होतात. कार्बनचा थर स्पंजसारखा सच्छिद्र असतो. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो, तोही थेट लोखंडाला चिकटवून. वरून काळं दिसतं, खाली गंज सुरू असतो.

पूर्वी हे आणखी वाईट होतं. जुन्या .३०३ च्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार राहायचा आणि तो पाणी ओढून घ्यायचा. म्हणून त्या काळी फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती, कारण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आजची बहुतेक नवी काडतुसं तशी नसतात, त्यामुळे पाण्याची गरज उरली नाही. पण 'फायरिंग झालं की त्याच दिवशी सफाई, आणि पुढचे दोन-तीन दिवस परत हात फिरवायचा' ही सवय तिथूनच आली. भावाला परत सफाईला बोलावलं होतं ते याच शिस्तीतून.

सफाई: पायरी पायरीने

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं फक्त आपल्या उस्तादांच्या, कोचच्या किंवा शस्त्रागाराच्या माणसाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे आणि एनसीसीची रायफल ही सरकारी मालमत्ता आहे. ती किती उघडायची हे ते ठरवतात, आपण नाही.

१. रायफल रिकामी आहे का ते बघा. मॅगझिन काढा. नळी सुरक्षित दिशेला. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मग दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. 'आत्ताच बघितलंय' हे वाक्य सफाईच्या टेबलावर चालत नाही.

२. बोल्ट बाहेर काढा आणि सगळे भाग क्रमाने मांडा. जुनी चादर किंवा पांढरं कापड अंथरा. काढलेला भाग डावीकडून उजवीकडे ठेवत जा, जोडताना उजवीकडून उचलायचा. मोबाइलने एक फोटो काढून ठेवावासा वाटेल, पण एनसीसीत आणि शस्त्रागारात फोटोला मनाई असू शकते. आधी विचारा.

३. आधी कोरडी घाण. जुन्या टूथब्रशने किंवा नायलॉनच्या ब्रशने सुटी राख आणि दारूचे दाणे झाडून घ्या. आधीच तेल ओतलंत तर त्याचा चिखल होऊन ट्रिगरमध्ये उतरतो.

४. नळी मागून पुढे. चेंबरच्या बाजूने सुरुवात, तोंडाच्या बाजूने शेवट. नाहीतर नळीतली सगळी घाण रिसिव्हरमध्ये येऊन पडेल. पुलथ्रूची दोरी असेल तर वजनाचं टोक चेंबरमधून सोडा, पुढून ओढा आणि सरळ रेषेत ओढा. दोरी कडेला घासत राहिली तर नळीचं तोंड झिजतं, आणि गोळी शेवटी जिथून सुटते ती कड झिजली की नेम गेला. .३०३ च्या काळापासून फौजेत चिंदीचं माप ठरलेलं आहे: साफ करायला ४ इंच बाय २ इंच, तेल लावायला थोडी अरुंद, ४ बाय दीड. पॉइंट टू-टूची नळी अरुंद, तिला त्याहून लहान तुकडा लागतो. चिंदी जरा घट्ट जायला हवी, अडकायला नको.

५. रिसिव्हरला द्रावण लावा आणि थांबा. बंदुकीसाठी बनवलेलं सॉल्व्हंट चिंदीला लावा आणि चिंदीने रिसिव्हरच्या आत फिरवा. थेट ओतू नका. रायफल अशी धरा की नळीचं तोंड थोडं खाली राहील, म्हणजे ओघळ ट्रिगरकडे किंवा लाकडात जाणार नाही. आता दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. आठवतोय ना तवा? या वेळात द्रावण थराखाली शिरतं. याच पायरीला सगळे घाई करतात आणि मग ड्रिल शोधतात.

६. नेमक्या जागा घासा. बोल्टचं तोंड, म्हणजे काडतुसाचं बूड टेकतं ती जागा. एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली. बोल्टला कुलूप लावणारे उंचवटे आणि ते अडकतात त्या खाचा. बोल्ट सरकतो त्या दोन्ही वाटा. चेंबरची कड. ब्रश नायलॉनचा किंवा पितळ-ब्राँझचा. कोपऱ्यांत लाकडी टूथपिक किंवा कानातली काडी. गॅसवर चालणाऱ्या रायफलमध्ये याशिवाय पिस्टनचं डोकं आणि गॅस सिलिंडर.

७. कोरडं पुसा, मग तेलाचा नुसता हात. सगळं द्रावण पुसून काढा. मग घासल्या जाणाऱ्या जागांवर तेलाची पातळ फिल्म ठेवा. बोट फिरवलं तर चकाकी दिसावी, थेंब दिसू नये. जास्त तेल म्हणजे पुढच्या काजळीला आमंत्रण. आणि पुढच्या फायरिंगआधी नळी आणि चेंबर कोरड्या चिंदीने पुसायला विसरू नका.

८. जोडा आणि चालवून बघा. रिकाम्या रायफलचा बोल्ट चार-पाच वेळा चालवा. कुठे अडकतोय का? 'खर्र' आवाज येतोय का? काही वेगळं वाटलं तर स्वतः दुरुस्तीला बसू नका, उस्तादांना सांगा.

९. हात धुवा. हे टाळायचंच नाही. त्या काळ्यात शिसं असतं. गार पाणी आणि साबण, मगच वडापाव. भावाला मी म्हटलं, ती चिंदी आधी खिशातून काढून कचऱ्यात टाक आणि पँट वेगळी धू.

या चुका करू नका

*ड्रिल आणि तारेचा ब्रश.* पितळ आणि नायलॉन पोलादापेक्षा मऊ असतात. झिजले तर ब्रश झिजेल, रायफल नाही. पोलादी तार पोलादालाच ओरखडते. ड्रिलवर तर ती कड कधी गोल करेल हे कळणारही नाही. मोबाइलच्या चार्जिंग पोर्टमधला कचरा सेफ्टी पिनने काढताना कचरा निघतो आणि सोबत आतल्या पिनाही वाकतात, तसंच.

*पेट्रोल.* गॅरेजमध्ये कार्बोरेटर पेट्रोलने धुतात म्हणून इथेही चालेल असं वाटतं. बंद खोलीत पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला निमंत्रण. शिवाय ते तेलाचा शेवटचा थरही काढून नेतं आणि कोकणातल्या हवेत असं उघडं लोखंड लवकर गंजतं.

*सँडपेपर, घासणी, भांड्यांची पावडर.* नाव काढू नका.

*ट्रिगरची यंत्रणा उघडणं.* तिथे स्प्रिंग असतात, मापं बारीक असतात आणि चूक झाली तर रायफल आपोआप सुटू शकते. ते काम आर्मररचं.

सगळं काळं म्हणजे घाण नाही

भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. व्हिडिओतली रायफल आरशासारखी चकाकत होती आणि आपली काळी राहते, म्हणून तो अस्वस्थ होता. पण त्या रायफलचं पोलाद मुळातच काळं केलेलं असतं. त्याला ब्लूइंग म्हणतात. पोलादावर रासायनिक प्रक्रिया करून लोखंडाच्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा, एक पातळ काळा थर मुद्दाम चढवतात. गंजाचाच हा भाऊबंद, पण शिस्तीतला. तेल धरून ठेवतो आणि तांबड्या गंजाला जरा दूर ठेवतो. व्हिडिओवाल्याने कार्बनसोबत हा थरही उडवला होता. चकाकी दिसत होती ती कपडे काढलेल्या लोखंडाची.

मग फरक कसा ओळखायचा? लाकडी काडी फिरवा. कार्बन खडबडीत लागतो, उंचवटा जाणवतो, रंग फिका काळा असतो. ब्लूइंग गुळगुळीत लागतं. द्रावणात भिजवलेली चिंदी दाबून पुसा. कार्बन चिंदीवर येतो, ब्लूइंग जागेवर राहतं.

आणि चिंदी किती पांढरी यायला हवी? रिसिव्हरसाठी सोपा नियम: धातूवर धातू जिथे घासतो, जिथे टेकतो, जिथे कुलूप लागतं, तिथे काडीला काही जाणवता कामा नये. बाकी ठिकाणी हलकी काळी झाक राहिली तरी तिने काही अडत नाही. आठवी चिंदी फिकट राखाडी आली की काम झालं. तिला दुधासारखी पांढरी करायला जाल तर कार्बनमुळे नव्हे, तुमच्या घासण्यामुळेच रायफल झिजेल.

नळीच्या बाबतीत तर मोठे नेमबाजही किती वेळा साफ करावी यावर एकमत करत नाहीत. अगदी स्वच्छ केलेल्या पॉइंट टू-टू नळीतून पहिल्या काही गोळ्या थोड्या इकडेतिकडे जाऊ शकतात, नळीत मेणाचा थर पुन्हा बसला की त्या जुळतात. म्हणून स्पर्धेत खऱ्या मालिकेआधी सरावाच्या गोळ्या मारून घेतात. पण चेंबर आणि रिसिव्हरबद्दल असा वाद नाही. ते साफच हवं.

एअर रायफल असेल तर?

हे मुद्दाम लिहितोय, कारण खोपोलीहून जवळचं शिकायचं ठिकाण बघायला गेलात तर बहुधा आधी एअर रायफलच हातात येईल. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताई २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होत्या.

एअर रायफलमध्ये दारूच नाही, नुसती दाबलेली हवा. मग कार्बन कुठून येणार? तिथे वरचं सॉल्व्हंट वगैरे काही लावायचं नाही, रबरी सील खराब होतील. स्प्रिंगच्या एअर गनमध्ये चुकीच्या जागी तेल गेलं तर दाबाने तापून ते पेटतंही, डिझेल इंजिनसारखं. कोच सांगतील तेवढंच करा.

थोडक्यात

कार्बन आला म्हणजे रायफल खराब नाही, ती वापरली गेली. आधी रिकामी करा, मग भिजवा, मग मऊ ब्रशने नेमक्या जागा घासा, तेलाचा हात फिरवा, हात धुवा. बोल्ट अडला तर ठोकू नका. काडतूस पेटलं नाही तर नळी समोरच ठेवून थांबा आणि हात वर करा. बाकीचं उस्ताद बघतील.

मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून अंजली भागवत यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली आणि पुढे त्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या नेमबाज झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत नोकरी करत पॅरिसला गेला आणि १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक आणलं. ही स्पर्धा पॉइंट टू-टूच्या रायफलचीच आहे. कर्जत-खोपोलीची लोकल ज्या मध्य रेल्वेची, तिचाच हा माणूस.

भावाचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोटो आला. या वेळी चिंदी राखाडी होती. सोबत मेसेज: "दादा, उस्ताद म्हणाले बस झालं, आता तेल लाव. आणि तो बोल्ट आता आपोआप बसतो."

मी विचारलं, "हात धुतलेस का?"

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर पाच मिनिटांनी आलं: "आत्ता धुतले."